दहा लाख नऊची इर्जिक

आमच्या उत्रोलीच्या घरात माणसांखेरीज एक आकडाही राहायला होता. सकाळी तो अण्णांबरोबर उठायचा, चुलीपुढे त्यांच्या शेजारी बसायचा, आणि संध्याकाळी भोरच्या शाळेतून अण्णा सायकल ढकलत घरी आले की त्यांच्या मागोमाग पडवीत यायचा. आई त्याला ‘तुमचा पाव्हणा’ म्हणायची. ‘‘पाव्हण्याला च्या ठिऊ का?’’ असं तिनं विचारलं की अण्णा हसायचे आणि अंगणातल्या ओल्या मातीत काठीनं तो आकडा लिहायचे. दहा लाख नऊ. एक, मग पाच शून्यं, मग नऊ. मला तो ओढ्यावरच्या साकवासारखा दिसायचा. या टोकाला एक माणूस, त्या टोकाला एक माणूस, आणि मधे नुसतं धुकं. अंथरुणावर डोळे मिटले की मी त्या पाच शून्यांवरून चालत पलीकडे निघायचो आणि नऊपाशी पोचायच्या आतच मला झोप लागलेली असायची. आता या वयात झोप सहजी येत नाही, तेव्हाही मी तोच साकव धरतो. पण आता मी नऊपाशी पोचतो, आणि मग जागाच राहतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि घरची भाताची चार खाचरं सांभाळत होते. त्यांना नाद एकच, न तुटणाऱ्या संख्यांचा. पुस्तकात त्यांना मूळ संख्या म्हणतात, पण अण्णांच्या तोंडी न तुटणारी हाच शब्द असायचा. ‘‘बारा बघ,’’ ते मला सायकलच्या दांडीवर बसवून सांगायचे, ‘‘दोनानं तोड, तिनानं तोड, चारानं तोड. बारा म्हणजे मवाळ माणूस. आणि शेजारचा तेरा बघ. कुणाचं ऐकत नाही.’’ लहान संख्यांमध्ये असे हट्टी पुष्कळ असतात, मोठ्यांमध्ये ते विरळ होत जातात, डोंगरात वर जावं तशी घरं विरळ होतात तसे, असं ते म्हणायचे. दहा लाखांच्या पुढे पहिलं घर कुठं लागतं हे त्यांना बघायचं होतं. ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी एकट्यानं दहा लाख तीन ही संख्या तपासली होती आणि ती कशानंही तुटली नव्हती. ते वर्षभर घरात सगळ्यांशी गोड बोलत होते. मग त्यांना त्याच्या पुढचं घर हवंसं वाटू लागलं. दहा लाख सात एकोणतीसनं तुटली. पुढची दहा लाख नऊ मात्र तुटेना. तिनानं नाही, सातानं तीन उरले, तेरानं दहा उरले, सतरानं तर फक्त एक उरला. ‘‘एकानं हुकली,’’ अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आनंद होता.

दिवेलागणीला आमच्याकडे परवचा व्हायचा. देवापुढे समई लागली की मी भिंतीला टेकून बसायचो आणि पाढे म्हणायचो. आधी तिसापर्यंतचे, मग पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज यायचा आणि पाढ्यांचा ताल नकळत त्या थापेवर जायचा. थाप थांबली की मीही अडखळायचो. एकदा एकोणतीसच्या पाढ्यात मी सातवर अडकलो. अण्णा वाट बघत होते. तेवढ्यात आतून, धुरातून, हळूच आवाज आला, ‘‘एकोणतीस साते दोनशे तीन.’’

माझी वहिनी होती ती. पार्वती तिचं नाव, घरात सगळे पारू म्हणायचे. माहेर हिर्डोशीचं, वरंध घाटाकडचं. दादाशी लग्न होऊन तिला वर्षही झालं नव्हतं. दादा एसटीत कंडक्टर होता. वहिनी चौथीपर्यंत शिकली होती, कारण तिच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. उत्तर तोंडून गेल्यावर तिला वाटलं, आता बोलणी बसणार. ती पदर सावरत दारात येऊन उभी राहिली.

‘‘चुकलं व्हय, मामंजी?’’

‘‘चुकलं कुठं? पुढं म्हण,’’ अण्णा म्हणाले.

तिनं तो पाढा पुरा केला, आणि त्या दिवसापासून परवचा दोघांचा झाला. मी भिंतीपाशी, ती चुलीपाशी. तिला भागाकाराची फार आवड होती. आमच्या घरी पाटी एकच होती आणि ती माझी होती, म्हणून वहिनी भाकरीच्या परातीत तांदळाचं पीठ पसरून त्यावर बोटानं भागाकार करायची, उत्तर आलं की तळहातानं पीठ सारखं करायची आणि त्याच पिठाच्या भाकऱ्या करायची. ‘‘आज आमी भागाकार खाल्ला,’’ असं दादा जेवताना म्हणायचा. ‘‘बाकी उरली का काय, बग बाई. पोटात दुखंल.’’

इर्जिकीची कल्पना तिचीच. इर्जिक म्हणजे काय हे शहरातल्या वाचकासाठी सांगतो. एखाद्याचं शेतातलं काम एकट्यानं उरकत नसलं की तो गावाला हाक घालायचा. माणसं आपापली अवजारं घेऊन यायची, दिवसभरात काम उरकून द्यायची. पैसे कुणी घ्यायचं नाही. ज्याचं काम त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. अण्णा रोज शाळेतून दमून येऊन एकेका संख्येनं दहा लाख नऊला भागत होते, आणि त्यांचे डोळे अधू होत चालले होते. ते बघून वहिनी एकदा म्हणाली, ‘‘मामंजी, येकट्यानं किती दिस भागत बसनार? इर्जिक घाला की.’’

अण्णा तिच्याकडे बघतच राहिले. मग जोरानं हसले. हसून झाल्यावर म्हणाले, ‘‘घालू. आणि हे नीट पार पडलं ना पारू, तर पुढच्या वर्षी तुला बाहेरून सातवीला बसवतो.’’

सातवी पास बाईला तेव्हा बालवाडीत काम मिळायचं, नशीब असलं तर शाळेतही. आई भांडी घासता घासता थांबली होती. दुसऱ्या दिवशी डेपोतून येताना दादानं वहिनीसाठी शिसपेन्सिल आणली. वहिनीनं ती लाकडाच्या फडताळात, मिठाच्या बरणीमागे ठेवली. येता-जाता ती बरणी उगाचच हलवून बघायची.

श्रावणातला रविवार होता. लावणी उरकली होती, खाचरांत भात हिरवंगार उभं होतं, शेतात कुणाचीच गरज नव्हती. पागोळ्यांचा आवाज घरभर होता. पडवीत गोणपाटं अंथरली होती. भोरहून मुलाणी गुरुजी आले. अण्णांबरोबर शिकवायचे, थट्टेखोर माणूस, येताना बेकरीतली नानकटाई घेऊन आले. अण्णांनी सगळ्यांना बसवून समजावलं. दहा लाख नऊ तुटली तर तिचे दोन तुकडे होणार. दोन्ही तुकडे हजाराच्या वरचे असतील तर त्यांचा गुणाकार दहा लाख नऊच्या पार पुढे जाईल. म्हणजे एक तुकडा हजाराच्या आतच सापडला पाहिजे. हजाराच्या आतल्या प्रत्येक न तुटणाऱ्या संख्येनं भागून बघायचं. सगळ्यांनी बाकी उरली, तर आपला आकडा जिंकला.

मग शेतं वाटावी तसे शेकडे वाटले गेले. दोनशेपर्यंतचं दाट रान अण्णांनी स्वतःकडे घेतलं. दोनशेचं खाचर माझं. तीनशेचं वहिनीचं. चारशे आणि पाचशे दादाकडे, सहाशे-सातशे मुलाणी गुरुजींकडे, त्याच्या वरचं पुन्हा अण्णांकडे. ‘खाचर’ हा शब्द पण वहिनीनंच काढला आणि दिवसभर तोच चालला. इर्जिकीत एक रिवाज असतो. आपल्या खाचरातलं काम करत माणूस बांधाशी येतो, आणि बांधाकडची पात, म्हणजे कडेची ओळ, कधी राहिली तर शेजारचा माणूस न सांगता ती आपल्या पातीत धरतो. यात उपकार नसतो, बोलणंही नसतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि हे मी पुढच्या गोष्टीसाठी सांगतो आहे.

तो दिवस आठवला की मला अजून कुठल्यातरी पाण्याच्या आत बसल्यासारखं वाटतं. बाहेर हिरवा उजेड, आत पाटीवर पेन्सिलीचा करकराट, चुलीवर हुलग्याच्या माडग्याचा वास. वहिनी परात मांडीशी घेऊन बसली होती आणि मधूनमधून उठून भाकरी उलटून येत होती. कुणाचा भागाकार झाला की तो संख्या पुकारायचा, आणि अण्णा विचारायचे, ‘‘बाकी?’’

‘‘तीनशे सातनं एकशे दहा!’’ वहिनी.

‘‘दोनशे अकरानं ऐंशी!’’ मी.

‘‘मास्तर,’’ मुलाणी गुरुजी म्हणाले, ‘‘एवढी माणसं ढकलायला लागलीत, तरी हा बाबा ढिम्म हालंना. ह्याचं वजन तरी किती?’’

‘‘माझ्या गाडीतलं प्याशिंजर आसंच,’’ दादा म्हणाला. ‘‘फुडं सरका म्हटलं की दारात घट्ट हुबं.’’

‘‘कंडक्टर, तुमचं चारशे एकवीस झालं का?’’

‘‘झालं की. उरली बाकी. सुट्टं न्हाईत म्हून परत दिली न्हाई.’’

सगळे हसले. वहिनी तर इतकी हसली की परातीतलं पीठ उडून तिच्या भुवयांवर बसलं. दर बाकीबरोबर घरातला आनंद वाढत होता. आपण सगळे मिळून एका आकड्यावर घाव घालतो आहोत आणि तो तुटू नये अशीच सगळ्यांची इच्छा आहे, असं काम मी पुन्हा कधी केलं नाही.

माझं दोनशे त्र्याऐंशीपर्यंत आलं होतं. एकशे सत्तर उरले. आता माझ्या खाचरात एकच संख्या राहिली होती, अगदी बांधाला लागून. दोनशे त्र्याण्णव. मी पाटी पुसली. तेवढ्यात रस्त्यावरून पोरांचा गलका आला, आणि माझा मित्र नाम्या कुडापाशी येऊन ओरडला, ‘‘ए बाळ्या, धरनाचं दरवाजं सुटलं!’’

भाटघरचं धरण भरलं की दरवाजे आपोआप उघडतात आणि पाण्याची घरघर लांबवर ऐकू येते. ती ऐकू येतच होती; मी इतका वेळ तिला पागोळ्यांचा आवाज समजत होतो. मी उठून उभा राहिलो. ‘‘अण्णा, दोनशेचं झालं,’’ मी म्हणालो. ‘‘सगळे उरत्यात.’’

‘‘शाबास!’’ अण्णा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. वहिनीनं मान वर केली नाही. ती तीनशे सत्तेचाळीसमध्ये होती. मी पाटी तिच्या पाठीमागे भिंतीला टेकवून ठेवली आणि पळालो.

ते पाणी मी विसरलेलो नाही. एका रांगेतून पांढरे पडदे खाली पडत होते, त्यांच्या पायाशी धुराळा उठत होता आणि त्या धुराळ्यात येऊन माणसं वितळल्यासारखी दिसत होती. तोंडावर तुषार येत होते. नाम्या काहीतरी बोलत होता ते ऐकू येत नव्हतं, मीही बोलत होतो. त्या आवाजात आकडा नव्हता, पाटी नव्हती, काहीच नव्हतं. पुष्कळदा मला वाटतं, त्या पाण्याची आठवण धूसर झाली असती तर बरं झालं असतं.

घरी आलो तेव्हा पंगत बसत होती. तांदळाच्या भाकरी, कुर्डूची भाजी, माडगं, आणि गुळाची खीर. दहा लाख नऊ जिंकली होती. अण्णांनी दाराच्या चौकटीवर खडूनं ती लिहिली, आईनं ‘पाव्हण्या’ला हळदकुंकू लावलं. वहिनी वाढत होती. भुवयांवर पीठ तसंच होतं, कुणी तिला सांगितलं नव्हतं. खीर वाढताना ती माझ्यापाशी थांबली. ‘‘भावजी, तुमची पाचवी-सव्वीची पुस्तकं हायेत न्हवं? टाकू नगा.’’ मी हो म्हणालो. दोनशे त्र्याण्णव त्या वेळी माझ्या मनात होती का? होती. एखादा खडा चपलेत असावा तशी होती. पण खीर गोड होती, आणि इतक्या सगळ्यांनी बाकी उरली तर एकीनंच का तुटेल, असं मी मनाशी म्हणालो.

पुढचे काही आठवडे वहिनी माझी पुस्तकं घेऊन चुलीपुढे बसायची. एका हातानं भाकरी, दुसऱ्या हाताखाली भूगोल. एक-दोनदा भाकरी करपली तरी आई काही बोलली नाही. मी तिला नकाशात कावेरी दाखवली, तर म्हणाली, ‘‘आपली नीरा कुठं?’’ नीरा त्या नकाशात नव्हती. तिनं फडताळातली शिसपेन्सिल काढली आणि बारीक रेघ ओढून ती दाखवून दिली.

मग भोरला तालुक्यातल्या शिक्षकांचा मेळावा झाला. अण्णा मला बरोबर घेऊन गेले. पुण्याच्या कुठल्याशा कॉलेजातले एक तरुण प्राध्यापक पाहुणे होते. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा अण्णा उठले. त्यांनी धोतराचा सोगा सावरला आणि सांगितलं की, आम्ही घरच्या माणसांनी मिळून दहा लाख नऊ ही संख्या तपासली आहे आणि ती तुटत नाही. कुणीतरी टाळी वाजवली. प्राध्यापक फार आदरानं म्हणाले, ‘‘गुरुजी, दहा लाख म्हणजे हजाराचा वर्ग, नऊ म्हणजे तीनचा. म्हणजे तुमची संख्या ही दोन वर्गांची बेरीज आहे, बरोबर?’’

‘‘बरोबर,’’ अण्णा म्हणाले. ते त्यांनी केव्हाच पाहिलेलं होतं.

प्राध्यापकांनी फळ्यावर नऊशे बहात्तरचा वर्ग लिहिला आणि त्याखाली दोनशे पस्तीसचा. ‘‘आता यांची बेरीज करून बघा.’’

अण्णांनी जागेवरून मनातच केली. नऊ लाख चव्वेचाळीस हजार सातशे चौऱ्याऐंशी अधिक पंचावन्न हजार दोनशे पंचवीस. ते पुटपुटत होते ते मला ऐकू आलं. दहा लाख नऊ.

‘‘विषम संख्या दोन वर्गांच्या बेरजेत अशा दोन रीतींनी मांडता आली,’’ प्राध्यापक म्हणाले, ‘‘की ती तुटणारच. ही दोनशे त्र्याण्णवनं तुटते, गुरुजी. वाईट वाटून घेऊ नका. ह्या आकड्यानं पूर्वी फार मोठ्या गणितज्ञालाही फसवलंय.’’

अण्णा म्हणाले, ‘‘वा!’’ आणि खरोखरच त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, कारण ती रीत सुंदर होती. मग ते खाली बसले. येताना ते सायकलवर बसले नाहीत. आम्ही दोघं चालत आलो. उजव्या हाताला खाचरांतलं भात पोटरीला आलं होतं, त्याचा दुधाळ वास येत होता. सबंध रस्त्यात अण्णांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी तिथंच विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, अशी मी पुष्कळ वर्षं स्वतःची समजूत घालत आलो.

त्यांनी घरी आल्यावर विचारलं. सगळे होते. आई तांदूळ निवडत बसली होती, दादा ड्यूटीवर निघायच्या तयारीत होता, वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ‘‘दोनशे त्र्याण्णव,’’ अण्णा म्हणाले. ‘‘कुणाकडे होता?’’

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. पण शाबास म्हणताना त्यांनी ज्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं होतं तेच डोळे होते ते, आणि ते माझ्याकडेच वळत होते. मी म्हणालो, ‘‘बांधाकडचा होता. मी जाताना वैनीला सांगितलं होतं. तिनं धरला होता.’’

एवढंच. तीन छोटी वाक्यं. वहिनीनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी तिथंच मोडलो असतो. पण तिथं राग नव्हता. ती आठवत होती. डोळे बारीक करून ती त्या दिवसातले आपले सगळे भागाकार आठवून बघत होती, आणि मधे किती वेळा आपण भाकरी उलटायला उठलो तेही.

‘‘आसंल,’’ ती म्हणाली. ‘‘धरला आसंल म्या. उठबस चालली व्हती न्हवं. चुकला आसंल.’’

‘‘मी तवाच म्हननार हुते,’’ आई म्हणाली. ‘‘चौथी शिकल्याली पोर. तिच्या डोस्क्यावर येवढं वझं द्यायचंच कशाला?’’

‘‘असू दे,’’ अण्णा म्हणाले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर वहिनी रडली असती, दादा मधे पडला असता, काहीतरी हललं असतं. ते फक्त आत गेले. दुसऱ्या दिवशी माझी पुस्तकं स्वच्छ पुसून माझ्या फळीवर ठेवलेली होती. भूगोलातली नीरा खोडरबरानं पुसलेली होती. कागद तिथं जरा पातळ झाला होता. त्या दिवशी परवच्याला मी मुद्दाम अडखळलो. आतून फक्त भाकरी थापल्याचा आवाज आला. सातवीचा विषय अण्णांनी पुन्हा काढला नाही, वहिनीनंही नाही. चौकटीवरचा खडूचा आकडा कुणी पुसला नाही, तो पावसाच्या ओलीनं आपोआप गेला.

मी पुढे गणिताचाच शिक्षक झालो. अवयव पाडण्याचा धडा आला की मुलांना उदाहरणं द्यायचो, पण मोठी संख्या कधी घेतली नाही. अण्णा गेले, आई गेली, काही वर्षांपूर्वी दादाही गेला. दादाच्या दहाव्याला जेवताना कुणीतरी ती जुनी गोष्ट काढली. आमच्याकडे ती गमतीची गोष्ट म्हणून सांगतात: वहिनीनं पिठात भागाकार केला आणि अण्णांचा आकडा मोडला. सगळे हसले. वहिनीही हसली. मी हसलो की नाही ते मला आठवत नाही, पण मी गप्प बसलो हे आठवतं.

यंदा माझी नात सुट्टीला आली होती. मोबाईलवर काहीतरी करत होती. म्हणाली, ‘‘आजोबा, एखादा मोठा आकडा सांगा, हे लगेच तोडून दाखवतं.’’ माझ्या तोंडून तो निघून गेला. तिनं बोट लावलं आणि लगेच म्हणाली, ‘‘दोनशे त्र्याण्णव गुणिले तीन हजार चारशे तेरा. आता दुसरा सांगा.’’ मी दुसरा सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी स्वारगेटवरून भोरची एसटी धरली.

उत्रोलीला आता सिमेंटची घरं आहेत, पण आमच्या पडवीची जागा तीच आहे. वहिनी खुर्चीत बसली होती. गुडघे गेलेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पण आवाज तोच. ‘‘या भावजी. न कळवता? घरी समदी बरी हायेत न्हवं?’’ तिची सून चहा देऊन आत गेली. मी चहा तसाच ठेवला आणि सांगितलं. सगळं सांगितलं, कुडापाशी आलेल्या नाम्यापासून. तुमच्याकडे तो आकडा कधीच आला नव्हता, असं म्हणालो. मी तुम्हाला काही सांगितलं नव्हतं. मी तो केलाच नव्हता.

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मग तिनं आत हाक मारली. ‘‘अगं, परात आन. आनि वाईच तांदळाचं पीठ.’’

सुनेनं परात आणून स्टुलावर ठेवली. वहिनीनं ती माझ्याकडे सरकवली. ‘‘करा,’’ म्हणाली.

मी पिठात बोटानं दहा लाख नऊ लिहिली. हजारात दोनशे त्र्याण्णव तीनदा जातात, आठशे एकोणऐंशी. उरले एकशे एकवीस. वरचं शून्य खाली घेतलं, चार वेळा गेले, अडतीस उरले. पुन्हा शून्य, एकदा गेले, सत्त्याऐंशी. मग शेवटचा नऊ खाली आला, आणि पिठात आठशे एकोणऐंशी उभे राहिले. सुरुवातीला वजा केलेली तीच संख्या फिरून माझ्यासमोर आली होती. तीनदा गेले. मी शून्य काढलं. या एवढ्या कामासाठी मी तेव्हा थांबलो नव्हतो.

वहिनी परातीवर वाकली होती. शून्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, सातवीबद्दल, अण्णांबद्दल. मी त्यासाठीच आलो होतो. पण तिच्या चेहऱ्यावर जे हळूहळू येत होतं त्याच्याशी माझा काही संबंध नव्हता.

‘‘म्हंजी माजं तीनशेचं खाचर समदं बरूबर व्हतं,’’ ती म्हणाली.

‘‘हो,’’ मी म्हणालो. ‘‘सगळं.’’

‘‘येकबी चुकला नव्हता.’’

‘‘एकही नाही.’’

तिनं मान हलवली. मग तळहातानं पीठ सारखं केलं, पूर्वी करायची तसंच, आणि त्यावर सावकाश तीन हजार चारशे तेरा लिहिलं. ‘‘आन ह्यो उरल्याला तुकडा? ह्यो तुटतो का?’’

मला उत्तर ठाऊक होतं. मी तोंड उघडलं.

‘‘बोलू नगा,’’ वहिनी म्हणाली. तिनं बाजूला सात मांडला, ओठ हलवत भागाकार केला. ‘‘चार उरलं.’’ पीठ सारखं केलं, अकरा मांडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘तुमी च्या घ्या, गार झाला. आवंदा बांधाकडचं बी म्याच करनार हाय.’’